तेरा पंचे पासष्ट, आणि मग

फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी चप्पल येते. मग कांदा. मग कुणीतरी "बाजूला व्हा, हवा येऊ द्या" असं ओरडत स्वतःच सगळ्यात जवळ उभं राहतं. मुळशी तालुक्यातल्या शाळा मी विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं पालथ्या घातल्या. हे दृश्य इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर चिडायचाही कंटाळा येतो. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागेल असं काही असेल तर सरकवा, तोंडात काही कोंबू नका, थोडं थांबा, आणि फिट लांबली तर सरळ दवाखाना गाठा. एवढं सांगायचं आणि चप्पल पुन्हा पायात घालायला लावायची, हा माझ्या नोकरीचा एक भाग होता. सोपा भाग.

अवघड भाग फिट संपल्यावर सुरू होतो, आणि त्याबद्दल मला कधीच कुणी आपणहून विचारलं नाही. मूल उठून बसलं, पाणी प्यालं, की सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या मुलाला काल शिकलेलं आज आठवतंय का, फळ्यावरचं उतरवून घेताना ते मागे का पडतंय, हे कोण बघणार? ते मी बघायचे. विशेष शिक्षिका म्हणजे काय, तर ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला किंवा शिकायला अडचण आहे, त्यांच्या शाळेत जाऊन बसायचं, अडचण नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि त्या शाळेच्या गुरुजींना पटवायचं. यातलं शोधणं मला छान जमायचं. पटवण्यात आयुष्य गेलं.

फिट येणाऱ्या मुलांच्या अभ्यासाचं त्रांगडं तीन बाजूंनी असतं. ज्या कारणाने मेंदूत फिट येते, तेच कारण कधीकधी लक्षात ठेवण्याच्या आड येतं. फिट थांबवणारं औषध काही मुलांना सुस्त करतं. आणि तिसरी बाजू म्हणजे आपण मोठी माणसं. फिट येते म्हटल्यावर आपण एकतर त्या मुलाकडून काही अपेक्षाच ठेवत नाही, नाहीतर गोळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मागतो.

भुकूममधल्या एका मोठ्या सोसायटीत ओम नावाचा मुलगा होता. आईवडील लातूरकडचे, दोघंही आयटीत. ओमच्या फिट औषधाने पूर्ण थांबल्या होत्या, पण त्याचा पेपर कधीच पुरा व्हायचा नाही. मी त्याला तोच पेपर घड्याळ न लावता सोडवायला दिला. पठ्ठ्याने सगळा बरोबर सोडवला. मधे दोनदा पाणी प्यायला उठला, एवढंच. आईला म्हटलं, "बघा, येतंय सगळं. फक्त सावकाश येतंय."

"पण मॅम, स्पीड पण लागतोच ना? कॉम्पिटिशन किती आहे. आणि याचा आयक्यू एक्झॅक्टली किती म्हणायचा?"

जास्तीच्या वेळेसाठी शाळेत अर्ज करा म्हटलं, तर सोसायटीत कळेल म्हणून घाबरल्या. शेवटी केला अर्ज. सोसायटीत काहीही कळलं नाही, कारण तेव्हा तिथे टँकरवरून इतकं जुंपलं होतं की कुणाच्या मुलाचं काय, याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. ओमचं पुढे बरं चाललं. हे प्रकरण मी मुद्दाम आधी सांगितलं, कारण सावकाश असणं वेगळं आणि न येणं वेगळं, हे तिथे स्वच्छ दिसत होतं. ताम्हिणीच्या सानिकाच्या बाबतीत ते दिसत नव्हतं. तिथे तर आजारच दिसत नव्हता.

ताम्हिणीकडच्या पावसाचं कौतुक पुण्यामुंबईची माणसं करतात. त्यांना पत्र्याच्या छपराखाली चार इयत्ता शिकवायच्या नसतात. पाऊस त्या पत्र्यावर पडायला लागला की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. एकेका मुलाला उभं करून विचारलं तर ओठ हललेले दिसतात, आवाज येत नाही. म्हणून तिथल्या कदम गुरुजींनी स्वतःची पद्धत बसवली होती. पावसाळाभर सगळं एकसुरात. पाढे, कविता, जिल्ह्यांची नावं, सगळं. एक मूल पुढे उभं राहून सांगणार, बाकीची पोरं त्याच्या मागोमाग पत्र्याच्या वर आवाज काढणार. गुरुजी काही आळशी नव्हते. एकट्या माणसाने त्या आवाजात आणखी काय करायचं असतं, ते मलाही सुचलं नसतं.

पुढे उभी राहून पाढे सांगणारी मुलगी म्हणजे सानिका. चौथीतली. खणखणीत आवाज, ताठ मान. गुरुजींनी मला बोलावलं होतं दुसऱ्याच एका मुलासाठी, त्याला कमी ऐकू यायचं. सानिकाबद्दल ते जाता जाता बोलले.

"ही आमची एक नाटकी. सगळ्यांबरोबर म्हणायला सांगा, मुलूखमैदान तोफ. एकटीला फळ्याजवळ उभी करा, की मधेच गप. मग विचारलं तर भलतंच काहीतरी सांगते. मुद्दाम करते, बाई."

मुद्दाम करते, हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. माझ्या अनुभवात मुलं मुद्दाम फार कमी गोष्टी करतात, आणि त्यातही आपल्याला ओरडा बसेल अशा तर नाहीच.

मी मागे बसून पाढा ऐकला. सानिका तेराचा सांगत होती. "तेरा पंचे पासष्ट" झालं आणि ती थांबली. वर्ग थांबला नाही. पोरांना पाढा पाठच होता, ती आपली पुढे चालत राहिली, आणि सानिका "तेरा साते"ला परत त्यांच्यात मिसळली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी सुद्धा आधी समजले की पोरीने दम खाल्ला.

पाऊस जरा उघडल्यावर मी गुरुजींना विचारून वर्गाला एक खेळ सांगितला. सानिका सांगेल तेवढंच म्हणायचं. ती थांबली की तुम्हीही चिडीचूप. जो बोलेल तो बाद. पोरांना बाद होण्याची भीती काही औरच असते.

पहिला पाढा सुरळीत गेला. दुसऱ्या वेळी "तेरा त्रिक एकोणचाळीस" म्हणून सानिका थांबली. वर्ग गप्प. तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली होती आणि पापण्या बारीक फडफडत होत्या. मी हात हलवला, तिला दिसला नाही. गुरुजींनी "ए सानिका" म्हणून हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही. थोड्याच वेळात तिने मान जराशी हलवली आणि म्हणाली, "तेरा चोक बावन्न." त्याच आवाजात, त्याच तोऱ्यात. मधे काही घडलं याचा तिला पत्ताच नव्हता.

आणि तो पाढा तिने शेवटपर्यंत बिनचूक म्हटला.

गुरुजी खुर्चीत बसले. "म्हणजे हिला येतंय सगळं?"

"येतंय. आपण थांबलो तर येतंय," मी म्हटलं. "आपण पुढे जातो, ती मागे राहते. परत आल्यावर आपण कुठे पोचलोय हे तिला कुठून कळणार?"

ही पण फिटच असते. हातपाय झाडणं नाही, पडणं नाही. मेंदू क्षणभर मिटतो आणि उघडतो. एखाद्याच मुलाला असं होतं, पण ज्याला होतं त्याला दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकतं. एकेका झाकोळात एखादं वाक्य जातं, हातच्याचा एक जातो, गुरुजींनी दिलेली सूचना जाते. फळ्याजवळ एकटी असताना गुरुजींचा प्रश्न अर्धाच तिच्या कानी पडायचा आणि ती त्या अर्ध्याचं उत्तर द्यायची. पावसाळाभर चाळीस तोंडांच्या गजरात तिचं थांबणं झाकलं गेलं होतं. गजर तिला उचलून पलीकडे नेऊन ठेवायचा.

सानिकाच्या वडिलांचा, बबनचा, घाटरस्त्याला धाबा होता. मी जाऊन सांगितलं तर तो भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"फिट? माझ्या पोरीला? बाई, ती आजवर कधी भुईवर पडली न्हाई. असं कसं म्हनता तुमी?"

"पडत नाही, म्हणूनच कळलं नाही."

"हे बगा, हितं बोललात ते बोललात. गावात बोलू नगा. उद्या पोरीची सोयरीक करायची हाय मला."

चौथीतल्या मुलीची सोयरीक. पण हसण्यासारखं त्यात काही नाही, हे मी शिकले होते. तो दुष्ट नव्हता, घाबरला होता. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तिला न्यायला त्याने धाबा बंद ठेवला, हेही मी पाहिलं. तिथे डोक्याला वायरी लावून मेंदूची तपासणी झाली, डॉक्टरांनी निदान सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. तिचं हरवणं पुष्कळ कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

आणि मग तेच झालं जे नेहमी होतं. बबन वाट बघू लागला की आता पोरगी हुशार होणार. सहामाहीचा निकाल लागला, तर गणित तसंच.

"गोळी चालू हाय ना? मग येत का न्हाई?"

मी त्याला विचारलं, "संध्याकाळी मालिका बघताना लाइट गेली तर काय होतं?"

"काय व्हनार? लाइट आली की परत बगायची."

"आणि मधला भाग?"

आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर वीज होते आणि मुंबईला जाते, त्यामुळे लाइट जाण्याचा दाखला मुळशीत कुणालाही चटकन कळतो. सानिकाचे तर दोन वर्षांचे मधले मधले भाग गेले होते. गोळीने पुढची वीज टिकली. मागचं आम्हाला एकेक करून परत शिकवावं लागणार होतं, आणि माझ्या वाट्याला तालुकाभरच्या शाळा होत्या. मला ताम्हिणीला जितकं जायला हवं होतं तितकं जाता आलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे. तिचा भागाकार कच्चा राहिला तो राहिलाच.

चौथीनंतरची शाळा धरणाच्या काठच्या गावात. जीपने जायचं, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणी. बबनने निकाल लागण्याआधीच जाहीर करून टाकलं, "चौथी झाली, बास झालं. धाब्यावर माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल. तितं पान्यापाशी उभ्या उभ्या थांबली तर कोन धरनार हाय तिला?"

धोका खराच होता. मी फक्त एवढंच म्हणू शकत होते की पाचवीपासून घरी बसवलेली मुलगी परत शाळेत आलेली मी पाहिलेली नाही. तेवढं मी म्हटलं. बाई, तुमचं काय जातंय, असा चेहरा करून तो चुलीकडे वळला.

मार्ग काढला तो मी नाही. तनुजाने काढला. ती सानिकाच्या शेजारच्या घरातली, तिच्याच वर्गातली, तिच्याच सतरंजीवर बसणारी. भलती चोंबडी मुलगी. कुणाच्या घरात काय शिजलं ते तिला आधी कळायचं. एका रविवारी मी धाब्यावर बबनला पुन्हा पटवायला गेले होते. धबधबे बघायला आलेल्यांची गर्दी होती आणि सानिका एका टेबलाजवळ उभी राहून ऑर्डर घेत होती. पाच-सहा पोरांचं टोळकं एकदम बोलत होतं. मधेच सानिका थांबली. त्यातल्या एकाने तिच्या डोळ्यांपुढे चुटकी वाजवली.

"हॅलो? नेटवर्क गेलं काय हिचं?"

सगळे खिदळले. बबनने चुलीवरून मान वर केली. त्याच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही.

तनुजा पाण्याचे ग्लास ठेवत होती. ती त्या पोरांना म्हणाली, "थांबा की जरा, पळून चाललाय का?" आणि सानिकाच्या मनगटाला हात लावून उभी राहिली. सानिकाची नजर परत आली तसं तनुजा हळूच म्हणाली, "दोन पिठलं."

"दोन पिठलं, चार भाकरी, एक अंडाकरी, ठेचा जादा," सानिकाने पुढचं सगळं सांगून टाकलं आणि आत गेली. एक पदार्थ चुकला नाही.

मी तनुजाला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बावळट विचारलंय. "वर्गात बी आसंच करते मी. वाचताना तिची लाइन सुटती, मग मी तितं बोट ठिवते. आली की बोटापासून पुढं वाचती. गुरुजींना वाटायचं मी तिला उत्तरं सांगतिया. लई वेळा चोरून ठिवलंय बोट."

माझ्या सगळ्या प्रशिक्षणांमधे हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यावर मला काही भाषण द्यायचं नाही. पोरीला पोरीची काळजी होती आणि तिला चोंबडेपणा करायची सवय होती, दोन्ही मिळून काम झालं. मी नव्या शाळेतल्या शिक्षकांशी बोलले, जीपवाल्याला सानिकाला आतल्या बाजूला बसवायला सांगितलं. बबन शेवटी म्हणाला, "तनी संगट हाय तवर जाऊ द्या. तनी न्हाई, तर शाळा न्हाई."

पाचवीचं वर्ष बरं गेलं. सहावीच्या मध्यावर तनुजाच्या घरच्यांनी डोंगराकडची जमीन एका रिसॉर्टवाल्याला विकली आणि ते भुकूमला फ्लॅट घेऊन राहायला गेले. आमच्याकडे हल्ली हे असं एका आठवड्यात होतं. सकाळी घरापुढे टेम्पो उभा राहतो आणि संध्याकाळी घराला कुलूप असतं. तनुजा जाताना खूप रडली म्हणे. सानिका रडली की नाही हे मला कुणी सांगितलं नाही.

माझ्या नोकरीचे शेवटचे काही महिनेच उरले होते. धरणाकाठच्या त्या शाळेतून फोन आला की सानिकाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला येणार आहेत, तुम्ही आलात तर बरं. मी गेले, पण खरं सांगते, आशा धरून नाही गेले. बबनने शब्द दिला होता तेवढा पाळला होता. आता माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं.

तो माझ्या आधीच येऊन व्हरांड्यात बसला होता, अंगात इस्त्रीचा सदरा. मला बघून म्हणाला, "बाई, आता तुमी बी काय बोलू नगा. तनी गेली. इशय संपला."

"मी काही बोलत नाही," मी म्हटलं. "दाखला लिहायला त्यांना वेळ लागेल. तोवर वर्गात बसू. तुम्ही तिचा वर्ग कधी बघितलाय?"

नव्हता बघितला. आम्ही दोघं मागच्या दाराने शिरून मागे बसलो. बबन बाकावर अवघडून, गुडघे वर घेऊन बसला. मराठीचा तास होता. शिक्षिकेने सानिकाला धडा वाचायला सांगितला. मला मनातून ते नको होतं. आजच, याच्यादेखत, कशाला?

सानिका उभी राहिली. डाव्या हातात पुस्तक, आणि उजव्या हाताचं बोट ओळीखाली. मोठ्या मुली बोट ठेवून वाचत नाहीत, ते पहिलीतलं समजतात. तिच्या पुढची एक मुलगी त्यावरून हसलीही. सानिकाने लक्ष दिलं नाही. वाचत गेली. आवाज तोच, पत्र्यावर चढणारा.

दुसऱ्या परिच्छेदात ती थांबली. मी बबनकडे पाहिलं नाही. वर्गात कुणीतरी कुजबुजलं. शिक्षिका काही न बोलता उभ्या राहिल्या. एवढं आमचं बोलणं झालेलं होतं. सानिकाची नजर खिडकीबाहेर, पाण्याकडे गेली होती. शेजारच्या बाकावर आता कुणी तनुजा नव्हती.

मग तिने खाली पाहिलं, बोटाशी पाहिलं, आणि पुढचा शब्द वाचला.

परिच्छेद संपवून ती खाली बसली. मुलांनी वह्या काढल्या. बबन माझ्याकडे न बघता पुटपुटला, "थांबली व्हती न्हवं?"

"हो."

"बोट न्हाई हाललं."

"नाही हललं."

तो उठला. सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या, आणि दारापाशी जाऊन सानिकाकडे एकदा पाहिलं. ती वहीत मान घालून लिहीत होती, तिला बाप आलेला माहीतही नव्हता. "चला," तो म्हणाला, "धाब्यावर गिऱ्हाइकं खोळंबली आसतील." व्हरांड्यातून उतरून, ऑफिसच्या दारावरून तो सरळ फाटकाकडे गेला. आत टेबलावर दाखला लिहून तयार होता. मी त्याला आठवण करून दिली नाही.